मेणवलीचे दफ्तर : एका घराण्याचे कागद, मुलखाचा इतिहास

नाना फडणवीसांच्या खासगी कागदपत्रांचा प्रवास आणि मराठवाड्यातील गाठोड्यांपुढचा प्रश्न

धर्माबाद : जुना माळवदाचा वाडा पाडायला घेतला, की भिंतीतल्या फडताळातून किंवा माडीवरच्या पेटाऱ्यातून कापडाचे एखादे गाठोडे निघते. आत मोडी, उर्दू किंवा फारसीत लिहिलेले कागद असतात. घरातल्या तरुणांना ते वाचता येत नाहीत आणि वडीलधाऱ्यांना ते 'वतनाचे कागद' आहेत एवढेच ठाऊक असते. मग गाठोडे एक तर देवघरात जाते, नाही तर रद्दीत. देशमुख, देशपांडे, पटवारी, कुलकर्णी अशा अनेक घराण्यांची कागदपत्रे मराठवाड्यात याच रीतीने संपली.

एका घराण्याचे कागद मात्र सव्वादोनशे वर्षांनंतरही शाबूत आहेत. पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस यांच्या या खासगी कागदपत्रांना इतिहासाचे अभ्यासक 'मेणवली दफ्तर' म्हणून ओळखतात. हे कागद कसे टिकले, कोणाच्या हातून कुठे गेले आणि त्यांतून काय हाती लागले, याची हकिकत गोदाकाठच्या वाचकांनीही समजून घ्यावी अशी आहे.

वेळासचे भानू

नानांचे घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. आडनाव भानू. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट देशावर आले, तेव्हा त्यांच्यासोबत भानू बंधूही आले. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि फडणिशी, म्हणजे जमाखर्च व दफ्तराचे काम, भानूंकडे आले. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे १७१९ मध्ये दिल्लीच्या मोहिमेत पेशव्यांबरोबर असताना मारले गेले. या प्रसंगानंतर भट आणि भानू या दोन घराण्यांचा संबंध धनी-चाकर एवढ्यापुरता उरला नाही.

बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. वडिलांच्या निधनानंतर कोवळ्या वयातच फडणिशी त्यांच्याकडे आली. १७६१ मध्ये ते आईला व पत्नीला घेऊन सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर पानिपतावर होते. त्या संहारातून ते वेषांतर करून कसेबसे सुटले; आई मात्र परत आली नाही. हा सारा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. छोटेखानी असे हे आत्मवृत्त अठराव्या शतकातील मराठी गद्यात दुर्मिळ म्हणावे लागेल. जॉन ब्रिग्ज यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापले.

१७७४ मध्ये बारभाईंच्या कारस्थानानंतर कारभाराची सूत्रे नानांकडे आली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मधली वर्षे म्हणजे पहिले इंग्रज-मराठा युद्ध, सालबाईचा तह, महादजी शिंद्यांची दिल्लीतील कारकीर्द, खर्ड्याची लढाई आणि सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू. या प्रत्येक घटनेची वार्ता कोणी ना कोणी नानांना लिहून कळवत होते.

घर हेच कचेरी

सरकारी पत्रव्यवहार एखाद्याच्या घरी कसा, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. पेशवाईत घर आणि कचेरी यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. हुजूर दफ्तरात जमाखर्च, सनदा, रोजकीर्द, गावोगावच्या वसुलाचे हिशेब असत. परंतु वकिलाने, सरदाराने किंवा मुत्सद्द्याने कारभाऱ्याच्या नावाने लिहिलेले पत्र कारभाऱ्याकडेच राही. म्हणूनच महसूल शोधायचा तर पुण्याचे पेशवे दफ्तर पाहावे लागते, आणि राजकारणातली आतली गोष्ट शोधायची तर घराण्यांची दफ्तरे उघडावी लागतात.

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव नानांना १७६८ मध्ये मिळाले. तेथे त्यांनी वाडा बांधला, नदीला घाट बांधला, मंदिरे उभारली. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची मोठी घंटा आजही तेथे पाहायला मिळते. २००४ साली 'स्वदेस' चित्रपटात हा घाट झळकल्यापासून पर्यटकांचीही वर्दळ वाढली. पण या वाड्याने जपलेला सर्वांत मोलाचा ऐवज भिंतीवर किंवा घाटावर नव्हता. तो रुमालांत बांधलेला होता.

रुमाल, बंद आणि पैवस्ती

'रुमाल' म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी जाड कापड. चारही टोके आत दुमडून गाठ मारली की धूळ, ऊन आणि काही अंशी दमटपणाही आत शिरत नाही. पत्रे लांब पट्ट्यांवर लिहिली जात. अशा पट्टीला 'बंद' म्हणत. मजकूर वाढला की दुसरा बंद पहिल्याला चिकटवायचा. लेखणी बोरूची आणि शाई काजळाची. ही शाई उजेडाने फिकी पडत नाही, पण पाण्याने विरघळते. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र काल लिहिल्यासारखे काळेभोर दिसते आणि एका गळक्या छपराखाली तेच पत्र एका पावसात पुसले जाते.

पत्रावर पूर्ण साल बहुधा नसे. हिजरी महिना आणि चंद्राचा दिवस यावर काम भागे. सोबत असलाच तर शुहूर सन, तोही अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इसवी सन निघतो. पानिपतचे साल ते हेच. पत्र हाती पडल्यावर कारकून त्यावर 'पैवस्ती'ची तारीख टाकत असे. पत्र कधी लिहिले आणि कधी पोचले हे दोन्ही कळल्याने, हैदराबादची किंवा दिल्लीची बातमी पुण्याला किती दिवसांनी मिळाली याचाही हिशेब अभ्यासकाला मांडता येतो.

म्हणून जुने दफ्तर ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रमही महत्त्वाचा. साल नसलेले पत्र कोणत्या पत्राशेजारी सापडले, यावरून अनेकदा त्याचे साल ठरते. सुटा कागद कितीही सुंदर असला तरी तो अर्धा मुका असतो.

जिऊबाईंची चौपन्न वर्षे

नानांना पुत्रसंतान नव्हते. त्यांच्या मागे राहिलेल्या जिऊबाई तेव्हा वयाने अगदी लहान होत्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांचे जिणे सुखाचे नव्हते. काही काळ त्यांना लोहगडाच्या आश्रयाला राहावे लागले. पुढे इंग्रजांनी त्यांना वर्षाला १२ हजार रुपयांची नेमणूक करून दिली आणि मेणवलीचा वाडाही त्यांच्या ताब्यात आला. त्यांनी महादेवराव यांना दत्तक घेतले. १८५४ मध्ये जिऊबाईंचे निधन झाले.

इतिहासाच्या पुस्तकांत जिऊबाईंना दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. तरीही १८०० ते १८५४ या काळात राज्य बुडाले, वाडे जप्त झाले, घराणी उद्ध्वस्त झाली आणि त्या धामधुमीत मेणवलीचे रुमाल जागच्या जागी राहिले. वाडा एकाच घराण्याकडे राहिला, हे त्याचे साधे कारण. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात इनाम कमिशनच्या चौकशा सुरू झाल्या आणि जुने कागद दाखवणे म्हणजे इनाम गमावणे, अशी धास्ती अनेक घरांत बसली. या धास्तीपायी कित्येकांनी दफ्तरे दडवली. काही टिकली ती त्यामुळेच, आणि काही कुजली तीही त्यामुळेच.

पारसनीसांनी विचारले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात कागद शोधणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याचे दफ्तर हाती घेऊन १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. नानांचे मराठी चरित्रही खरेशास्त्रींनीच लिहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, घरमालकांच्या विनवण्या करीत आणि प्रसंगी रागावून परतही येत.

साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांची रीत वेगळी होती. संस्थानिक, सरदार, इंग्रज अधिकारी या सर्वांशी त्यांचे सलोख्याचे संबंध होते. कागद, चित्रे, नाणी, हस्तलिखिते असे जे मिळेल ते त्यांनी जमवले. 'इतिहाससंग्रह' या त्यांच्या मासिकातून १९०८ पासून त्यातील बराच मजकूर प्रसिद्ध झाला. किंकेड यांच्यासमवेत त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. मेणवलीचे दफ्तर पारसनीसांच्या संग्रहात आले, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी मिळकत म्हटली पाहिजे.

त्या काळी पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारच्या कडेकोट बंदोबस्तात होते आणि भारतीय अभ्यासकांना तेथे सहजी प्रवेश नव्हता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले ते १९३० ते १९३४ या काळात. तोपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाची भिस्त होती ती घराण्यांच्या दफ्तरांवरच.

पारसनीसांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. संग्राहक गेला की संग्रहाची वाटणी होते, चांगल्या वस्तू विकल्या जातात आणि उरलेले धूळ खात पडते, असा आपल्याकडचा अनुभव. येथे तसे झाले नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि साताऱ्याचा संग्रह तेथे हलवण्यात आला.

रुमालातून छापखान्यात

डेक्कन कॉलेजमध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे काम त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्याकडे होते. 'पानिपत : १७६१' या ग्रंथामुळे ते सर्वपरिचित आहेत. मेणवली दफ्तरातील नागपूरकर भोसल्यांसंबंधीची पत्रे त्यांनी निवडली आणि 'नागपूर अफेअर्स' या नावाने ती दोन भागांत प्रसिद्ध झाली : पहिला भाग १९५४ मध्ये, दुसरा १९५९ मध्ये. दरम्यान १९५३ मध्ये मुंबई सरकारने पारसनीस संग्रहातील दिल्लीच्या फारसी बातमीपत्रांचे इंग्रजी भाषांतर छापले. भाषांतरकार होते सर जदुनाथ सरकार. १७६१ ते १७८८ या काळातील दिल्ली दरबार त्यात दिवसागणिक दिसतो.

नागपूरच्या इतिहासाचे कागद वाईजवळच्या एका वाड्यात, आणि दिल्लीचे साताऱ्यात! घराण्याच्या कागदांचे हेच वैशिष्ट्य. कागद घराचा असतो, पण त्यातला मजकूर मुलखाचा असतो.

हैदराबादचा धागा

या मुलखात आपलाही मुलूख आला. उदगीरची लढाई (फेब्रुवारी १७६०), राक्षसभुवन (ऑगस्ट १७६३) आणि खर्डा (मार्च १७९५) या पेशवे-निजाम संघर्षातील तीन प्रमुख लढायांपैकी दोन आजच्या मराठवाड्यात झाल्या आणि खर्डा सीमेलगत, जामखेड तालुक्यात आहे. खर्ड्याच्या वेळी कारभार नानांच्या हाती होता. निजामाच्या दरबारातील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची नानांना लिहिलेली पत्रे मराठी साधनांत प्रसिद्ध आहेत. दरबारात कोण आले, कोण रुसले, फौजेचा पगार किती थकला, दिवाण मुशीरुल्मुल्काच्या मनात काय आहे, अशी बित्तंबातमी वकील कळवत. लढाईनंतर हाच मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला आणि दौलताबादचा किल्ला पेशव्यांना देण्याचे ठरले.

ज्या काळाबद्दल मराठवाड्यातील गावांकडे स्वतःचे कागद जवळजवळ नाहीत, त्या काळात येथील रस्त्यांवरून फौजा कशा गेल्या, वसूल कसा बुडाला, हे आपल्याला अशा दूरच्या दफ्तरांतून समजते. शेजवलकरांनी 'निजाम-पेशवे संबंध' या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये

नानांचे समकालीन असलेल्या एका अमेरिकन घराण्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. जॉन अ‍ॅडम्स (१७३५-१८२६) हे इंग्रजांच्या वसाहतीत जन्मले, स्वातंत्र्ययुद्धात पुढे आले आणि अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी व पत्नी अ‍ॅबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे टिकून आहेत. पुत्र जॉन क्विन्सी हेही राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या रोजनिशीचे ५१ खंड आहेत. कुटुंबाने १८७० मध्ये क्विन्सी येथील घराच्या आवारात पुस्तके व कागदांसाठी स्वतंत्र दगडी इमारत बांधली, १९०५ मध्ये विश्वस्त निधी केला आणि १९५६ मध्ये सर्व कागद बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकले. त्यांचे मायक्रोफिल्म काढले तेव्हा ६०८ रिळे भरली. कागदांच्या संपादनाची योजना १९५४ मध्ये आखली गेली. तिचे खंड त्यानंतर एकामागून एक निघत राहिले.

१९५४ हेच 'नागपूर अफेअर्स'च्या पहिल्या भागाचेही साल. तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे एकट्या विद्वानाच्या निष्ठेवर काम चालले आणि तो थांबला की कामही मंदावले. अ‍ॅडम्स घराण्याचे कागद इंग्रजीत आहेत, ते कोणीही वाचू शकतो. मेणवलीचे वाचायला आधी मोडी यावी लागते, हा फरकही लक्षात घेतला पाहिजे.

मराठवाड्याची अडचण

पश्चिम महाराष्ट्रातील आणखी काही घराण्यांची दफ्तरे छापली गेली. सासवडचे पुरंदरे, दिल्लीतील पेशव्यांचे वकील हिंगणे, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांचे कागद प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा या कामात मोठा वाटा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कागद शोधणारी ती लाट येथपर्यंत पुरती पोचली नाही.

येथील कागदांवर कारभाराच्या भाषाही एकीवर एक चढल्या. आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू, आणि गावपातळीवर मोडी मराठी. धर्माबादसारख्या सीमेवरच्या भागात तेलुगूही. सन फसली : त्यात ५९० किंवा ५९१ मिळवल्यावर इसवी सन येतो. महिने आजूर, दै, बहमन असे. १३५८ फसली हे सैनिकी कारवाईनंतरचे, १९४८-४९ चे साल. १९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या आणि ज्या कागदांवर हक्क उभा होता ते एका रात्रीत निरुपयोगी ठरले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आंध्र प्रदेशात गेला. आज बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाणारा धर्माबादकर राज्याची हद्द ओलांडतो, पण जुन्या कागदांत ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्याची. राज्यकारभाराचे मूळ दफ्तर हैदराबादला राहिले.

नीलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांच्यासारखा मराठी, फारसी व उर्दू सारख्याच सहजतेने हाताळणारा अभ्यासक या मातीतून निर्माण झाला, हे आपले भाग्य. पण असा माणूस दर पिढीला मिळत नाही.

या सर्वाला आज व्यवहारी धारही आली आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सोपवले, तेव्हा तहसील कचेऱ्यांपासून हैदराबादपर्यंत निजामकालीन दफ्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांना जाणवली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. पंजोबांच्या काळचा एक कागद पणतूच्या आयुष्यात किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे त्या निमित्ताने घराघरात कळले.

घरात कागद असतील तर

सरकारी कागदपत्रांच्या जतनासाठी केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा कायदा आहे. खासगी कागदांची मालकी मात्र घराण्याचीच. त्यामुळे पहिली जबाबदारीही घराण्याचीच.

गाठोडे सापडले की ते घाईने सोडू नये. सोडले तर कागदांचा क्रम मोडू नये. आहे त्या क्रमाने प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. घड्या उलगडताना जोर करू नये, इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ओल्या फडक्याने पुसल्यास काजळाची शाई कायमची जाते. धुतलेल्या कोरड्या सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवावे. किडीसाठी वेखंडाचे तुकडे ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे कार्यालये आहेत. या खात्यातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्गही घेतले जातात. नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. मूळ कागद द्यायचे नसतील तरी त्यांची प्रत तज्ज्ञाला दाखवता येते. २०१४ मध्ये मोडी लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्याने हे कागद संगणकावर मोडीतच उतरवून घेण्याचीही सोय झाली आहे.

मेणवलीचे दफ्तर नानांच्या कीर्तीमुळे टिकले, असे म्हणणे सोपे आहे. नानांएवढ्याच नामवंत अनेकांचे कागद आज कुठेही नाहीत. ते टिकले, कारण एका घराने गाठी सोडल्या नाहीत, एका माणसाने दारात जाऊन विचारले आणि एका संस्थेने सारे एकत्र ठेवले. या तीन कड्यांपैकी एकही निखळली असती, तर नागपूरच्या इतिहासातली कित्येक पाने कोरी राहिली असती. धर्माबादच्या एखाद्या माळवदाखाली अशीच पाने आज पडून असतील. त्यांची पहिली कडी अजून घरच्यांच्याच हातात आहे.